पितळी नळीचा तळ

फाटकापाशी धाकटीनं हात वर केले. फाटकवालीनं तिच्या काखेतून, कमरेवरून, पायांवरून हात फिरवला, मग अंबाडा सोडायला लावला आणि उवा शोधाव्यात तशी केसांत मुळापर्यंत बोटं घातली. चपला काढून फरशीवर आपटल्या. डबा उघडून उरल्यासुरल्या भातात चमचा फिरवला. मागे घरी जायच्या घाईत असलेल्या कंडक्टरांची रांग खोळंबली होती. त्यातले थोडे दुसरीकडे बघत होते. बाकीचे बघतच होते.

थोरली धाकटीची पिशवी हातात धरून बाजूला उभी होती. थोरलीची झडती होत नसे. डेपोच्या चिल्लर खोलीत तिची उमर गेली होती. साहेब आले, साहेब गेले, ती त्याच स्टुलावर होती. फाटकवाली तिला रोज म्हणायची, बाई, तुम्ही पुढं व्हा. ती पुढं होत नसे. दिराची बायको हात वर करून उभी असताना पुढं कसं व्हायचं? म्हणून ती पिशवी धरायची. एवढंच करायची, आणि यालाच पाठीशी उभं राहणं समजायची.

"झालं का गं?" धाकटीनं केस बांधता बांधता विचारलं. "का पोट फाडून बघायचंय?"

"माझ्यावर कशाला उखडतेस? वरून हुकूम आहे."

वरून. जगातली सगळी घाण वरूनच येते आणि खाली उभं राहणाऱ्यानं ती डोक्यावर झेलायची असते.

चिल्लर खोलीचं काम वरकरणी पोरखेळासारखं दिसे. कंडक्टर येऊन पिशव्या रिकाम्या करत, खिडकीतला कारकून प्रत्येकाची रक्कम लिहून घेई, चाळणीतून नाणी आकारानुसार वेगळी होत आणि मग ढिगासमोर या दोघी जावा आपापली नळी घेऊन बसत. नळी म्हणजे उभी चिरलेली, एका बाजूनं उघडी, तळाला चकती आणि वरच्या अंगाला एक रेघ. नाणी आत सोडायची, नळी एकदा आपटून ती खाली बसवायची. थर रेघेला टेकला की पन्नास. मोजायचं नाही. मोजत बसलं तर ढीग दुसऱ्या दिवशीही संपायचा नाही. भोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, थर नळीतून सरकवून काढायचा, दोन्ही टोकं अंगठ्यानं दुमडायची, की झाली कांडी. कांड्या खोक्यात, खोकी बँकेत.

संध्याकाळी कारकुनाची बेरीज आणि कांड्यांची बेरीज जुळली की घरी. गेले काही महिने ती जुळत नव्हती. रोज तूट. फार नाही, पण रोज. ती दोघींच्या पगारातून निम्मी निम्मी कापली जायची.

थोरलीची नळी पितळी होती. तिच्याआधी त्या स्टुलावर बसणाऱ्या म्हातारीनं जाताना ती तिच्या हातात ठेवली होती आणि सांगितलं होतं, डोळ्यांवर विसंबू नकोस, बोटांवर तर नकोच नको, ही कधी फसवत नाही. थोरलीनं ते वेदवाक्य मानलं. नळी इतकी हाताळली गेली होती की तिच्या अंगठ्याचा खळगा पितळात उमटला होता आणि पितळाचा काळा डाग अंगठ्यात. पुढे डेपोनं प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्या दिल्या, तेव्हा तिनं आपल्या वाट्याची खणात टाकून दिली. खेळण्यातली वाटते, म्हणाली.

धाकटी आली आणि तिनं ती प्लॅस्टिकची उचलली. तिला इथं आणलं थोरलीनंच. दीर पाट्या रंगवायचा. काम असलं तर असलं. घरात दोन खोल्या, एक चूल, चार तोंडं. थोरलीनं साहेबांपुढं शब्द टाकला आणि धाकटी निळा डगला घालून शेजारच्या स्टुलावर बसली. प्लॅस्टिकवरची रेघ दिसत नाही म्हणून तिनं पहिल्याच दिवशी नखाच्या लाल रंगानं ती ठसठशीत केली. थोरलीला हसू आलं होतं. आता सगळ्या नळ्यांना नटवणार का, म्हणाली होती.

साहेबाला बायका आपसात थंडोबा म्हणत. काहीही सांगा, तो जरा वेळ भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरं, मग?" धाकटी आली त्याच सुमारास या थंडोबाच्या डोक्यात आलं की जुन्या लाकडी टेबलाच्या फटीत नाणी अडकतात, अडकवताही येतात. म्हणून टेबल गेलं आणि गुळगुळीत दगडी ओटा आला. डगल्यांचे खिसे शिवून टाकले. चोरीला जागा म्हणून ठेवली नाही. आणि तूट सुरू झाली ती त्यानंतरच.

नवीन काय आलं, तर धाकटी. ओटाही नवीनच होता, पण ओट्यावर कोणी संशय घेत नाही. ओट्याला लाज नसते, नवरा नसतो, त्याची झडती घेण्यात काही मजाही नसते.

एकदा दुपारी धाकटी दोन कांड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघत बसली होती. म्हणाली, "ताई, तुमची कांडी माझ्या कांडीपेक्षा उंच दिसते."

"तुझी बुटकी असेल."

"नाही, बघा ना. नखाएवढा फरक आहे."

"अगं, तुझं दूध पिणं चाललं होतं तेव्हापासून ही नळी चालतेय. ती मला शिकवायला निघालीस? हात चालव."

धाकटीनं हात चालवले. पुन्हा तो विषय काढला नाही. घरातल्या धाकट्या सुनेला एक गोष्ट लवकर कळते, की खरं एकदाच बोलायचं. दुसऱ्यांदा बोललं की त्याला उलट उत्तर म्हणतात.

मग थंडोबानं थोरलीला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाला, हेच आक्रीत. तिनं पाहिलं, टेबलावर चहा होता आणि तो तिच्यासाठी होता. तिला तेव्हाच कळायला हवं होतं. साहेबानं लांबून सुरुवात केली. तुमचं इतक्या वर्षांत बोट दाखवायला जागा नाही. निवृत्ती दारात आलीय. नवऱ्याचे गुडघे कसे आहेत? थोरला याच डेपोत टायर बदलून बदलून दोन्ही गुडघ्यांनी गेला होता, संडासला जाताना भिंत धरायचा. निवृत्तीची रक्कम आली की त्याचं ऑपरेशन, हे घरात ठरलेलं होतं.

"तुम्हीच आणलंत तिला," साहेब शेवटी म्हणाला. "तुम्ही एक शब्द द्या. ती घेत नाही, असं म्हणा. मी विषय संपवतो."

थोरली चहाच्या कपाकडे बघत राहिली. धाकटीच्या पायात नव्या चपला होत्या, हे तिला आठवलं. माहेरून आल्या, असं धाकटी म्हणाली होती. आल्याही असतील. नसतीलही. ऑपरेशन आठवलं. आणि समजा तिनं शब्द दिला आणि उद्या खरंच काही निघालं तर?

"माझ्या हाताचं मी सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या हाताचं मला विचारू नका."

किती साळसूद वाक्य. कुठं खोटं म्हणून सापडायचं नाही. असल्या वाक्यांनीच माणसं मारली जातात. सुरीला निदान रक्त तरी लागतं.

दाराबाहेर सह्यांचे कागद घेऊन धाकटी उभी होती. तिनं ते ऐकलं. आत येऊन कागद ठेवले, थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आठवडा संपायच्या आत तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चोरी केली असं कोणी तोंडानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

घरी दिरानं आरडाओरडा केला नाही, तो वहिनीशी बोलायचाच थांबला. धाकटीनं कुठूनतरी जुना पंपाचा स्टोव्ह आणला आणि बोळवजा पॅसेजमध्ये, संडासच्या दारापासून दोन हातांवर मांडला. चूल वेगळी झाली. दोन खोल्यांच्या घरात चूल वेगळी होणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. एकीच्या फोडणीचा ठसका दुसरीला लागतो आणि दोघीही खोकला दाबून धरतात. धाकटीला पुढं एका दवाखान्याच्या धुलाईत चादरी इस्त्री करायचं काम मिळालं. तिथं डेपोतलं कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून मिळालं.

आणि चिल्लर खोलीत तूट दुप्पट झाली.

चोर गेला आणि चोरी वाढली. पहिल्या संध्याकाळी थोरलीला वाटलं, कारकुनाची चूक. दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्याला बेरीज पुन्हा करायला लावली. तो वैतागला, पण आकडा हलला नाही. आता खोलीत ती एकटी, ढीग सगळा तिचा, कांड्या सगळ्या तिच्या. आपणच तर घेत नाही ना? असं तिसऱ्या दिवशी सकाळी खरंच तिच्या मनात आलं. तिनं आपला बिनखिशाचा डगला चाचपला. एकटी असताना, कोणी बघत नसताना तिनं स्वतःची झडती घेतली.

मग तिला नखाएवढा फरक आठवला.

खणात प्लॅस्टिकची नळी पडून होती, लाल रेघ ओढलेली. थोरलीनं आपली एक कांडी फोडली आणि ती नाणी तिच्यात सोडली. एक नाणं लाल रेघेच्या वर डोकं काढून बसलं. तिनं सगळी ओतली आणि ओट्यावर एकेक सरकवत बोटानं मोजली, किती काळानं कोण जाणे. एक्कावन्न. दुसरी कांडी फोडली. एक्कावन्न. तिसरी फोडायचं तिला धाडस झालं नाही, तरी फोडली.

पितळी नळी तिनं उलटी केली. पूर्वी तळाची चकती काठाच्या जरा आत बसलेली असे. तिथं मळ साठायचा आणि ती पिनेनं कोरून काढायची. कधीपासून कोरला नव्हता? आता कोरायला जागाच नव्हती. चकती सरकून थेट काठाला आली होती. लाकडी टेबल आपटण्याचा मार अंगावर घ्यायचं. दगडानं घेतला नाही. इतके महिने दिवसभर दगडावर आपटून आपटून नळीचा तळ एका नाण्याच्या जाडीइतका खाली बसला होता, आणि ती प्रत्येक कांडीत एक नाणं जास्तीचं भरून बँकेला पाठवत होती. कमी भरलं असतं तर बँकेनं दुसऱ्या दिवशी बोंब मारली असती. जास्तीचं परत करायला दुनियेत कोणी कोणाच्या दारात येत नाही.

चोरी रोखायला ओटा आणला, आणि ओट्यानंच चोर तयार केला. थोरली स्टुलावर बसून राहिली. खिडकीतून कारकून ओरडला, बाई, ढीग तुंबलाय. ती उठून हात चालवू लागली. प्लॅस्टिकच्या नळीनं.

दुपारी ती केबिनमध्ये गेली. या वेळी चहा नव्हता. तिनं नळी टेबलावर ठेवली, चकती दाखवली, दोन्ही नळ्यांत नाणी भरून दाखवली. थंडोबानं भिंतीकडे पाहिलं.

"बरं, मग?"

"मग तिला परत बोलवा. सगळ्यांना सांगा, तिनं घेतले नव्हते."

साहेबानं तिला समजावलं, मूल समजावं तसं. ती जागा आता भरायची नाही, एकटीनं भागतंय हे वर कळवून झालंय. शिवाय कोणी कोणाला चोर म्हटलंच नव्हतं, मग चोर नाही असं कशाला सांगायचं? आणि नळी कोणाची? डेपोनं दिलेली वापरली असती तर ही वेळ आली नसती. हे बाहेर गेलं तर निष्काळजीपणाचा शेरा बसेल, निवृत्तीच्या रकमेला कात्री लागेल, आणि शेरा बसलेल्याची फाटकावर झडती होते, तो नियम सगळ्यांना आहे. त्यापेक्षा नळी इथं ठेवून जा. उद्यापासून बेरीज जुळेल. विषय संपला.

तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त विषय संपवायला आवडायचं. अशी माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या गळ्यात हार पडतात.

रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. तो पाय ताणून पडला होता, रेडिओ पोटावर. ऐकून त्यानं रेडिओ बंद केला.

"मी मोठेपणानं म्हणणार नाही, की माझ्या गुडघ्यांचं राहू दे," तो म्हणाला. "मला ते ऑपरेशन पाहिजे. गप्प बस."

"ती पलीकडे झोपलीय. भिंतीला कान लावला तर श्वास ऐकू येतो तिचा."

"म्हणून तर म्हणतो, हळू बोल."

दुसऱ्या दिवशी बेरीज जुळली. कारकुनानं खिडकीतून अंगठा वर करून दाखवला. जुळलेली ती बेरीज म्हणजे धाकटीच चोर होती याची पावतीच की. रांगेत एक कंडक्टर दुसऱ्याला म्हणालाही, गेली ना कीड, आता बघ कसं सुरळीत.

थोरली उठली आणि खिडकीशी आली. पाळी बदलायची वेळ होती, रांग जिन्यापर्यंत गेलेली. तिला भाषण येत नव्हतं. तिनं खिडकीच्या गजाला धरलं आणि नेहमीच्याच आवाजात सांगितलं, की धाकटीनं काही घेतलं नव्हतं. नळी माझी बिघडली होती. तळ खाली बसला होता, कांडीत एक्कावन्न जात होती. चूक माझी. ती चोर नव्हती.

पुढच्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ज्यानं कीड म्हटलं होतं तो बुटाकडे बघत होता.

"बाई," मागून कोणीतरी म्हणालं, अगदी साध्या आवाजात, "जरा लवकर घ्या. माझी शेवटची गाडी जाईल."

बस. बदनामीला पंख असतात. खऱ्याला रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्याचा नंबर येतो तेव्हा लोकांची गाडी सुटत असते.

कारकुनानं साहेबाला सांगितलं, हे सांगायला नकोच. शेरा बसला. रकमेला कात्री लागली, किती ते पुढं कळणार होतं. थोरल्यानं ऐकलं आणि भिंतीकडे कूस वळवली. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

ती पॅसेजमध्ये आली. धाकटी स्टोव्हला पंप मारत होती. इस्त्रीच्या वाफेनं तिची बोटं सुरकुतलेली, मनगटावर भाजल्याचा डाग. थोरली तिच्यासमोर जमिनीवर बसली. घरच्या डब्यातली नाणी तिनं ओच्यातून आणली होती. तिनं ती एकेक करून फरशीवर मांडली, पन्नासाची रांग, आणि एक बाजूला. नळीचा तळ कसा बसला, ओटा कसा, बँक कशी, सगळं सांगितलं. धाकटी पंप मारत राहिली. ज्योत पिवळी होती ती निळी झाली.

"हे मला कशाला दाखवताय?" ती म्हणाली. "मी घेतले नाहीत, हे मला माहीत होतं. तुम्हाला मोजावं लागलं."

ताई म्हणाली नाही.

थोरलीनं नाणी गोळा करायला घेतली. एक नाणं घरंगळत स्टोव्हखाली गेलं. धाकटीनं ते चिमट्यानं बाहेर ओढलं आणि तिच्याकडे सरकवलं.

"कंडक्टरांसमोर बोललात म्हणे."

"बोलले."

"काय म्हणाले?"

"लवकर घ्या म्हणाले. गाडी जाईल."

धाकटीला हसू आलं. आनंदाचं नव्हे, दिवसभर उभं राहून पाय सुजलेल्या बाईला येतं तसलं, नाकातून निघालेलं. थोरलीही हसली असती, पण तिला हक्क वाटला नाही. धाकटीनं स्टोव्हवर पातेलं ठेवलं. एकाच घरापुरतं होतं, लहान. थोरली भिंत धरून उठली, थोरल्यासारखीच, आणि आपल्या चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर फडक्याची घडी अंथरली आणि तिच्यावर प्लॅस्टिकची नळी आपटत दिवस काढला. लाल रेघ थोडी उडाली होती. संध्याकाळी बेरीज जुळली. ती फाटकाशी आली तेव्हा रांग नेहमीसारखीच होती.

फाटकवाली अवघडून गेली. कागद हातात धरून म्हणाली, बाई, नाव आलंय, पण तुमची काय झडती घ्यायची, तुम्ही जा, मी सही करते.

"घे," थोरली म्हणाली. "नीट घे. केससुद्धा."

पिशवी कुठं ठेवावी म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. धरायला कोणी नव्हतं. खाली चिखल होता. तिनं पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये घोट्यांनी धरली आणि हात वर केले.